अकरा हजार पानांची भीती आणि सहाशे चाळीस पुस्तकं

प्रश्न:

सप्रेम नमस्कार. सांगलीत आमचं पुस्तकांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. २०१९ पासून मी त्याची वेबसाइट सांभाळते. नवी-जुनी मिळून १,३८० पुस्तकं तिथं आहेत. गेल्या वर्षभरात गूगलवरून येणारं गिऱ्हाईक बरंच कमी झालं. परवा वेबसाइटची कामं घेणारे एक गृहस्थ आले आणि त्यांनी गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते सांगणारं साधन, उघडून दाखवलं, की आमची जवळपास ११,००० पानं गूगलच्या यादीत नाहीत. म्हणाले, "मॅडम, डुप्लिकेट कंटेंटची पेनल्टी लागलीय. ४५,००० रुपयांत काढून देतो, वर सगळ्या पुस्तकांची वर्णनं एआयनं नवीन करून देतो." भाऊ म्हणतो पैसे कशाला घालवायचे, रोबोट्स डॉट टेक्स्टमध्ये, म्हणजे गूगलनं कुठं यायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, जास्तीची पानं बंद करून टाकू. आकड्यांचा फोटो सोबत आहे.

पुस्तकांची वर्णनं आम्ही मलपृष्ठावरून घेतो, सगळेच घेतात. तोच मजकूर मोठ्या ऑनलाइन बाजारातल्या आमच्या पानांवरही असतो. मध्यंतरी एका विक्रेत्यानं आमची काही पानं फोटोंसकट उचलली, ते वेगळंच. शिवाय एका स्वयंपाकाच्या पुस्तकाची जुनीच आवृत्ती द्या म्हणून फोन येतात. नव्या आवृत्तीत सगळी मापं ग्रॅममध्ये केली आहेत, जुनीत वाटी, पळी, पावशेर होतं. पण साइटवर दोन्हींना मिळून एकच पान असल्यानं लोकांना ती सापडत नाही. नेमकं काय करू?

– एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, आधी ते ४५,००० रुपये गल्ल्यातच राहू द्या.

पेनल्टी लागली आहे की नाही हे बघायला जाणकार लागत नाही. सर्च कन्सोलच्या डाव्या बाजूच्या यादीत खाली 'मॅन्युअल ॲक्शन्स' अशी ओळ आहे, ती उघडा. गूगलच्या माणसांनी एखाद्या साइटवर खरोखर कारवाई केली असेल, तर ती तिथं कारणासकट लिहिलेली असते आणि मालकाला तसा निरोपही येतो. हिरवी खूण आणि 'नो इश्यूज डिटेक्टेड' एवढंच दिसलं, तर पेनल्टी नाही. त्या गृहस्थांनी सर्च कन्सोल उघडलं, आकडे दाखवले आणि नेमकी हीच ओळ दाखवली नाही, हे मला खटकतं.

एकच मजकूर आपल्याच साइटवर दोन-चार पत्त्यांवर दिसतो म्हणून गूगल शिक्षा करत नाही. हे त्यांनी २००८ सालीच जाहीरपणे सांगितलंय. फसवण्याच्या हेतूनं नकला केल्या, तर गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये मॅट कट्स यांनी, म्हणजे तेव्हाच्या त्यांच्या वेबस्पॅम विभागाच्या प्रमुखांनी, वेबवरचा २५ ते ३० टक्के मजकूर हा नक्कलच असतो असं सांगितलं होतं. एवढ्यांना शिक्षा करत बसले तर शोधायला काय उरणार? पेनल्टीची ही जुनी आवई जोर धरू लागली ती २०११ च्या फेब्रुवारीपासून. तेव्हा गूगलनं पांडा नावाचा बदल आणला, अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल बदलले, आणि उसनवारीच्या, पातळ मजकुरावर चालणाऱ्या मोठमोठ्या साइट्स खाली गेल्या. त्या वेळी 'डुप्लिकेट' हा शब्द जो धंदेवाल्यांच्या तोंडात बसला, तो अजून गिऱ्हाइकाला घाबरवायच्या कामी येतो.

आता तुमचा फोटो. त्यात अकरा हजारांचे तीन तुकडे आहेत आणि तिघांची कुंडली वेगवेगळी आहे. ७,४०० पानांपुढे लिहिलंय 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनोनिकल टॅग'. २,९०० पुढे 'डुप्लिकेट, गूगल चोज डिफरंट कॅनोनिकल दॅन युजर'. आणि अगदी तळाशी, फोटोत अर्धवट कापलेल्या ओळीत, ६४० पुढे 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड'. त्या गृहस्थांनी तुम्हाला बेरीज दाखवली. बेरीज इथं काहीच सांगत नाही.

तुम्ही पुस्तकवाल्या आहात, तेव्हा कॅनोनिकल म्हणजे काय हे तुम्हाला तुमच्याच घरातलं उदाहरण देऊन सांगतो. जुन्या ग्रंथालयात लाकडी खणांत तालिकेची कार्डं असायची. 'गदिमा' या नावाचं कार्ड काढलं तर त्यावर पुस्तकांची यादी नसायची, फक्त एक ओळ असायची: पाहा – माडगूळकर, ग. दि. वाचक कुठल्याही नावानं आला तरी खऱ्या नोंदीपर्यंत पोचावा म्हणून ती सोय. कॅनोनिकल टॅग ही वेबपानावरची 'पाहा' नोंद. पानाच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागात एक ओळ असते: माझी मुख्य नोंद अमुक पत्त्यावर आहे. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून २००९ च्या फेब्रुवारीत ही खूण मान्य केली. आपसांत एरवी पटत नसलेल्या तीन कंपन्या एकत्र बसल्या, यावरून हा गुंता किती घरोघरीचा होता ते कळतं.

तर तुमची ती ७,४०० पानं म्हणजे ७,४०० 'पाहा' कार्डं आहेत. 'ही मुख्य नोंद नाही, तुम्ही दाखवलेली मुख्य नोंद आम्ही घेतली' असं गूगल सांगतंय. तिथं दुरुस्त करायला काही नाही. ग्रंथपालाला कुणी 'तुमच्या खणात एवढी कार्डं अशी आहेत ज्यांवर पुस्तकच नाही' म्हणून बिल लावलं, तर तो चहा पाजून परत पाठवील.

एवढी कार्डं आली कुठून, याचा हिशेब मात्र करून बघा, मजा येईल. तुमच्या 'कादंबरी' विभागात क्रम लावायच्या तीन तऱ्हा आहेत: नवीन आधी, स्वस्त आधी, महाग आधी. बांधणीच्या तीन: पुठ्ठा, पेपरबॅक, कुठलीही. किमतीचे चार टप्पे, आणि पाचवा 'सगळे'. तीन गुणिले तीन गुणिले पाच, झाले ४५ पत्ते, एकाच विभागाचे. असे चाळीस विभाग धरले तर १,८००. वर व्हॉट्सॲप-फेसबुकवरून आलेल्या प्रत्येक दुव्याला मागे चिकटलेलं शेपूट वेगळं. पुस्तक एकही वाढलेलं नसतं, पत्ते वाढत जातात. दुकानात हे होत नाही, कारण गिऱ्हाइकानं 'स्वस्तातली दाखवा' म्हटलं म्हणून आपण नवं कपाट करत नाही. वेबसाइट करते.

२,९०० चा तुकडा मात्र लक्ष देण्यासारखा आहे. तिथं तुम्ही एक पत्ता मुख्य म्हणताय आणि गूगल दुसराच. कॅनोनिकल हा हुकूम नसतो, सूचना असते. बाकीच्या खुणा उलटं सांगत असतील तर गूगल आपल्या मनानं निवडतं. तुमची साइट मी उघडून पाहिली. तिचे चार दरवाजे उघडे आहेत: एचटीटीपी (जुना, साधा) आणि एचटीटीपीएस (सुरक्षित), आणि दोन्हींत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याच्याशिवाय. चारही पत्त्यांवर तेच दुकान दिसतं. सुरक्षेचं प्रमाणपत्र तुम्ही नंतर कधीतरी बसवलं असणार, कारण पुस्तकांच्या पानांवरची कॅनोनिकल ओळ अजून जुन्या एचटीटीपी पत्त्याकडे बोट दाखवते. साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलला दिलेल्या पानांच्या यादीत, एचटीटीपीएस. मेनूतले दुवे कधी हे, कधी ते. गूगल साधारणपणे एचटीटीपीएसच्या बाजूनं झुकतं, म्हणून त्यानं तुमचं न ऐकता तो पत्ता घेतलेला दिसतो. खरं तर त्यानं तुमची चूक सावरून घेतली. माझा अंदाज पडताळायचा तर सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत कुठल्याही पुस्तकाचा पत्ता टाका. 'यूआरएल इन्स्पेक्शन' तुम्ही सांगितलेला आणि गूगलनं निवडलेला, दोन्ही पत्ते एकाखाली एक दाखवतं.

यावरचं काम एका दुपारचं आहे. एक पत्ता ठरवा. एचटीटीपीएस घ्या, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचं की नाही ते तुमच्या आवडीवर. उरलेले तीन दरवाजे ३०१ रीडायरेक्टनं तिकडे वळवा. ३०१ म्हणजे 'बिऱ्हाड कायमचं हललं', ३०२ म्हणजे 'तात्पुरते तिकडे आहोत'. होस्टिंगवाल्याला सांगताना आकडा नीट सांगा, घाईत ते ३०२ लावून मोकळे होतात. हे वळण निदान वर्षभर तरी काढू नका. मी तर म्हणतो कधीच काढू नका, त्याला खर्च येत नाही. मग कॅनोनिकल ओळ, साइटमॅप आणि मेनूतले दुवे तिन्हीकडे तोच पत्ता लिहा. चौघांनी एकच साक्ष दिली, की निकाल लवकर लागतो. तरी महिना-दोन महिने आकडे हलताना दिसणार नाहीत, आणि तेवढ्या काळात ते गृहस्थ पुन्हा फोन करतील.

कॅनोनिकलला हात लावताना जपून. २०१२ साली एका साप्ताहिकाच्या साइटवर मी साच्यात एक ओळ घातली आणि ती दुसऱ्या पानावर तपासलीच नाही. प्रत्येक लेख सांगू लागला की माझी मुख्य नोंद म्हणजे मुखपृष्ठ. तीन आठवड्यांत निम्मे लेख गूगलमधून दिसेनासे झाले. संपादक मला विचारत होते की गूगल बिघडलंय का, आणि मी दोन दिवस 'असेल' म्हणत होतो. तेव्हा बदल केल्यावर किमान पाच वेगवेगळ्या जातीची पानं उघडून ती ओळ डोळ्यांनी वाचा. अशीच एक चूक याद्यांच्या बाबतीत होते: 'कादंबरी, पान २', 'पान ३' यांची मुख्य नोंद 'पान १' म्हणून दाखवतात. त्या नकला नाहीत, त्यांवर वेगळी पुस्तकं आहेत. प्रत्येकीनं स्वतःकडेच बोट दाखवावं.

भावाच्या उपायाबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण रोबोट्स डॉट टेक्स्ट म्हणजे दाराला लावलेलं कुलूप. गूगल आत येऊ शकलं नाही तर आतलं 'पाहा' कार्डही वाचू शकत नाही. दोन पानं एकच आहेत हे त्याला कळायला मार्ग उरत नाही, आणि बाहेरून कुणी दुवा दिलेला असेल तर ते बंद पान बिनवर्णनाचं, नुसत्या पत्त्यानं निकालांत दिसतंही. आज नीट लागलेली ७,४०० कार्डं त्या एका फाइलनं विस्कटतील. क्रम, बांधणी, किंमत अशा गाळण्यांमुळे झालेल्या पत्त्यांना कुलूप लावणं काही साइट्सना गरजेचं असतं, हेही खरं. पण पानं वाचायला येणाऱ्या गूगलच्या फेऱ्या वाया जातात ही काळजी गूगलच्याच म्हणण्यानुसार दहा लाखांवर पानं असणाऱ्यांनी, किंवा दहा हजारांवर पानं असून ती रोज बदलणाऱ्यांनी करावी. तुमचं दुकान त्या मापाचं नाही.

आता एक खास आपल्या भाषेतली भानगड, जी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. तुमच्या साइटवर 'ॲक्युप्रेशर' असा विषय दोनदा आहे आणि 'दऱ्याखोऱ्या' हाही दोनदा. दिसायला अक्षर न अक्षर सारखे. तुम्हाला वाटलं असेल साइटची गडबड आहे. गडबड कीबोर्डची आहे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्याआधी, आणि कित्येक कीबोर्डांवर अजूनही, लोक 'अ' काढून त्यावर चंद्र देतात. डोळ्याला एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ऱ्या'चंही तसंच. कुणी 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतं, कुणी साध्या 'र'ला हलन्त करून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतं. तुम्ही एका पद्धतीनं टंकता आणि दुकानातला मुलगा दुसऱ्या, म्हणून एका विषयाचे दोन विषय झाले, दोन पानं झाली आणि पुस्तकं दोघांत वाटली गेली. गंमत अशी की या नकला कुठलंही साधन नकला म्हणून दाखवणार नाही, कारण पुस्तकं निम्मी-निम्मी वाटली गेल्यानं दोन्ही पानं वेगळी दिसतात. विषयांची यादी एकदा उघडा, जुळे शोधा, एकात विलीन करा आणि दुसऱ्याचा पत्ता ३०१ नं वळवा. यापुढे विषय टंकायचा नाही, यादीतून निवडायचा, असा दुकानात नियम करा.

पत्ता मराठीत ठेवावा की रोमन लिपीत, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण ओघानं सांगतो. मराठी पत्ता गूगलला चालतो. कुठेतरी चिकटवला की त्याचं लांबलचक कडबोळं होतं एवढंच: देवनागरीतलं एक चिन्ह तीन बाइटांचं, प्रत्येक बाइटाला तीन खुणा, म्हणजे 'पुस्तक' या सहा चिन्हांच्या शब्दाच्या ५४ खुणा. तुमचे पत्ते रोमन आहेत, ते राहू द्या. चालू पत्ते उगाच बदलणं म्हणजे पुन्हा ३०१ चं लचांड.

आवृत्त्यांकडे वळतो, कारण कुठली पानं एकत्र करायची आणि कुठली वेगळी ठेवायची हा निर्णय कुठलंही यंत्र तुमच्यासाठी घेणार नाही. आपल्याकडे प्रकाशक पुनर्मुद्रणालाही सर्रास 'आवृत्ती' म्हणतात, आणि तुम्ही भाबडेपणानं 'तिसरी आवृत्ती', 'चौथी आवृत्ती', 'पाचवी आवृत्ती' अशी वेगवेगळी पानं केली आहेत. आत तोच मजकूर, तीच पृष्ठसंख्या, किंमत तेवढी वाढलेली. ही एकाच पानात आणा आणि जुने पत्ते वळवा. शंका आली तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, बघा. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही, मजकुरात बदल केलेल्या सुधारित आवृत्तीला लागतो. मात्र डोळे झाकून क्रमांकावर जाऊ नका, कारण पुठ्ठा बांधणी आणि पेपरबॅक यांनाही वेगवेगळे क्रमांक असतात, आणि वाचकाच्या दृष्टीनं ते एकच पुस्तक. ते एका पानावर, निवडायला दोन बटणं देऊन ठेवा. जुन्या प्रतींनाही प्रत्येकी पान नको. मुख्य पानावरच 'जुनी प्रत उपलब्ध, मुखपृष्ठ सैल, किंमत अमुक' अशी ओळ पुरते.

माझी कसोटी साधी आहे. गिऱ्हाईक फोनवर हा फरक बोलून दाखवतं का? पाचवं पुनर्मुद्रण द्या, चौथं नको, असं कुणी म्हणत नाही. पण तुमच्या त्या स्वयंपाकाच्या पुस्तकाची माणसं फोन करून जुनीच आवृत्ती मागतात. म्हणजे तिथं तुम्ही नको ती काटकसर केलीत: जिथं दोन पानं हवीत तिथं एक, आणि जिथं एक पुरेल तिथं पाच. लेखकांच्या पानांनाही हीच कसोटी लावा. 'गदिमा' आणि 'ग. दि. माडगूळकर' ही दोन पानं एक करा. पण 'कुसुमाग्रज' आणि 'वि. वा. शिरवाडकर' एक करायच्या आधी थांबा. कविता पहिल्या नावानं, नाटकं दुसऱ्या नावानं, आणि मागणारेही बहुतेक तसेच वेगळे. दोन याद्या वेगळ्या आहेत. एकमेकींचा दुवा द्या आणि सोडून द्या.

आणि आता ते ६४०. ही पानं गूगलनं येऊन वाचली, आणि ठेवून घेतली नाहीत. मी चाळली, जवळपास सगळी पुस्तकांची मुख्य पानं आहेत. तुमच्या १,३८० पैकी निम्म्याला थोडी कमी पुस्तकं गूगलच्या लेखी दुकानात नाहीतच. गिऱ्हाईक घटलं त्याचं कारण मला इथं दिसतं, आणि त्या गृहस्थांच्या ११,००० च्या आकड्यात ते पार झाकून गेलं होतं. इथं कॅनोनिकल, रीडायरेक्ट, साइटमॅप काहीही केलं तरी पान उचललं जाणार नाही.

त्यातल्या कुठल्याही पानावरचं मलपृष्ठाचं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलमध्ये शोधा. मी तीन पुस्तकांचं करून पाहिलं. प्रकाशकाची साइट, दोन मोठे ऑनलाइन बाजार, पुण्यातली दोन दुकानं, सगळीकडे तेच वाक्य, तीच विशेषणं. एका पुस्तकाला तर छपाईची चूकसुद्धा सगळीकडे तीच होती, म्हणजे पहिल्यानं टंकली आणि बाकीच्यांनी उचलली. आता गूगलच्या जागी स्वतःला ठेवा. सहा जण अक्षरशः एकच सांगताहेत. त्यांतला एक प्रकाशक आहे आणि दोन राक्षसाएवढे आहेत. सहाव्याचं पान ठेवून घ्यायला काहीतरी कारण हवं. त्यात तुम्ही स्वतःच तोच मजकूर त्या मोठ्या बाजारात देता. हाटेलात स्वतःचा डबा विकायचा आणि घरी कुणी जेवायला येत नाही म्हणायचं, तसं झालं. तिथं प्रकाशकाचा मजकूर राहू द्या, थोडक्यात. स्वतःचं लिहाल ते फक्त स्वतःच्या साइटवर ठेवा.

एआयनं १,३८० वर्णनं 'नवीन' करून घेण्याबद्दल माझं मत वाईट आहे. यंत्राच्या हातात मलपृष्ठाचाच मजकूर देणार ना? मग ते 'हृदयस्पर्शी' काढून 'मनाला भिडणारी' घालेल. पुस्तक त्यानं पाहिलेलं नाही, मागणारं गिऱ्हाईकही नाही. शिवाय मार्च २०२४ मध्ये गूगलनं स्पॅमचे नियम बदलले. निकालांत वर यायला म्हणून ढिगानं बनवलेला, वाचकाला नवं काही न देणारा मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं हे न पाहता आता स्पॅममध्ये मोडतो. म्हणजे आज नसलेली पेनल्टी ४५,००० देऊन विकत घ्यायची सोय.

मग लिहायचं काय? तुमच्याकडे असं बरंच आहे जे प्रकाशकाकडेही नाही. तुम्ही सांगलीत आहात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा प्रयोग केला ते गाव. तुमच्याकडे नाटकांच्या संहिता भरपूर आहेत, आणि स्पर्धेच्या मोसमात हौशी मंडळी येऊन काय विचारतात ते मला सांगायला नको: पात्रं किती, त्यात बायकांची किती, एकाच सेटवर होतं का, दोन अंकी की तीन? मलपृष्ठावर यातलं एक अक्षर नसतं, तिथं 'मानवी नात्यांचा वेध' असतो. तुमच्या नाटकांच्या पानांवर या चार गोष्टी आल्या, की ते पान सहांपैकी एक राहत नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना: हे कुठल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाला धरून आहे, उत्तरं मागे आहेत की नाहीत. लहान मुलांच्या पुस्तकांना: टाइप केवढा, जोडाक्षरं आहेत का, आईनं वाचून दाखवायचं की मुलानं स्वतः वाचायचं. जुन्या धार्मिक ग्रंथांना: पदच्छेद दिलाय का, अर्थ आहे का, आजोबांना चष्म्यातून दिसेल का. दोन-चार वाक्यं पुरतात. मलपृष्ठाचा मजकूर काढायचीही गरज नाही, फक्त तो खाली जाऊ द्या, तुमचं वर येऊ द्या. जमलं तर पुस्तकाच्या आतल्या एका पानाचा फोटो घाला, प्रकाशकाला विचारून. मुखपृष्ठाचं चित्र सगळ्यांकडे तेच असतं.

६४० हा आकडा बघून दडपून जाऊ नका. रोज चार लिहिलीत तर १६० दिवसांत संपतात, सुट्ट्या धरून सहा महिने. पण मी म्हणेन, दुकानाची वही काढा आणि ज्यांच्यासाठी वर्षभर फोन येतात अशी साठ आधी घ्या. काही पुस्तकं अशीही निघतील ज्यांबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं काहीच नाही, मागणीही नाही. ती गूगलमध्ये नसली तर नसोत. दुकानातही प्रत्येक पुस्तक दर्शनी खिडकीत नसतं.

तुमची पानं उचलणाऱ्या विक्रेत्याला आधी एक सरळ ईमेल करा, पानांची यादी आणि तारखांसह. पुष्कळदा तिथंच मिटतं, कारण बहुतेक वेळा हे मालकाला माहीतही नसतं, साइट बनवणाऱ्यानं केलेलं असतं. नाही मिटलं, तर गूगलचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज आहे, १९९८ च्या अमेरिकी कायद्यावर चालणारा. तो भरला की ती पानं निकालांतून काढली जाऊ शकतात. आपल्या १९५७ च्या कायद्यानंही तुम्ही लिहिलेल्या मजकुराला नोंदणीशिवाय संरक्षण आहे. पण एक बघा: त्यानं उचललेल्यापैकी तुमचं काय होतं? फोटो तुमचे असतील, ते तुमचे. वर्णन जर मलपृष्ठाचं असेल, तर त्यावर तक्रार करायचा हक्क प्रकाशकाचा, तुमचा नाही. अर्जावर तुम्हाला तो मजकूर स्वतःचा असल्याचं सत्यापन करावं लागतं, तेव्हा तिथं घाईनं सही करू नका.

सुरुवात त्या स्वयंपाकाच्या पुस्तकापासून करा. नवी आवृत्ती आहे त्या पानावर राहू दे, जुनीला नवं पान द्या, दोन्हीकडे एकमेकींचा दुवा. जुनीचा मजकूर तुम्ही मला लिहून पाठवलाच आहे: 'नव्या आवृत्तीत सगळी मापं ग्रॅममध्ये केली आहेत, जुनीत वाटी, पळी, पावशेर होतं.' एवढी ओळ जशीच्या तशी टाका, खाली प्रती किती शिल्लक आहेत ते लिहा, आणि मापांचं एखादं पान उघडून त्याचा फोटो काढा. तेलाचा डाग पडलेली प्रत मिळाली तर तीच घ्या.